कुंडीतलं बे लॉरेल: पानं पुन्हा पुन्हा चिकट होतात, काळवंडतात, कडेने वळतात तेव्हा काय तपासायचं

कुंडीतल्या लहान बे लॉरेलची (ज्याची सुवासिक पानं स्वयंपाकात घालतात ते सदाहरित झाड) तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "फवारलं की काही दिवस बरं दिसतं, मग परत तेच." अशी झाडं मी पुष्कळ सावरली आहेत आणि औषधाच्या बाटलीला दर वेळी सगळ्यात शेवटी हात लावला आहे. या झाडावर कीड परत येते ती मुख्यतः दोन वाटांनी. खोडावर आणि पानामागे थोडी कीड राहून जाते, तिच्यापासून पुन्हा सुरुवात होते. दुसरी वाट लक्षात येत नाही: सतत थोडं थोडं छाटत राहिल्याने आणि खताचा मारा केल्याने झाडावर कायम लुसलुशीत पालवी असते, आणि किडीला तीच हवी असते. या दोन्ही वाटा बंद केल्या नाहीत, तर कितीही चांगलं औषध महिनाभराच्या वर पुरत नाही.

लक्षणं

झाडाजवळ बसून आधी नीट बघा. पुढचं सगळं यावरच ठरतं.

- पानांचा वरचा भाग आणि कुंडीखालची जागा चिकट लागते.
- त्या चिकटपणावर काळा, काजळीसारखा थर बसतो आणि तो ओल्या फडक्याने निघतो.
- खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू असते.
- पानामागे मधल्या शिरेला लागून आणि कोवळ्या फांद्यांवर चपटे, लांबटगोल, पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात. नखाने खरवडले की निघतात.
- कोवळ्या पानाची कड जाड होते, पिवळट पडून आत गुंडाळली जाते, पुढे तपकिरी होऊन वाळते.
- पेरांच्या बेचक्यात पांढरे, कापसासारखे पुंजके असतात.
- पान निस्तेज होतं, त्यावर सुई टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके येतात, क्वचित बारीक जाळंही दिसतं.
- पानं पिवळी पडून गळतात किंवा टोकं करपतात, पण कीड मात्र कुठेच सापडत नाही.

पहिली चार लक्षणं एकत्र असतील तर ती खवले कीड. लॉरेलवर बहुतेक वेळा कॉकस हेस्पेरिडम नावाची मऊ, तपकिरी खवले कीड असते. गुंडाळलेली कड हे लॉरेलवरच्या सायला नावाच्या, रस शोषणाऱ्या बारीक किडीचं काम असतं (ट्रायोझा अलॅक्रिस). कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, फिके ठिपके म्हणजे लाल कोळी. शेवटचं लक्षण असेल, तर फवारणीचा विचारच सोडा आणि सरळ पाण्याच्या आणि मुळांच्या तपासणीवर या.

आधी खात्री करा: हा खरंच बिघाड आहे का, आणि झाड लॉरेलच आहे का

याला पैसा लागत नाही, आणि निम्मी घबराट इथेच संपते.

लॉरेल सदाहरित आहे, याचा अर्थ त्याचं एकेक पान कायम टिकतं असा नाही. नवी पालवी येते तेव्हा खालची, आतली जुनी पानं पिवळी होऊन गळतात. वरचे शेंडे तजेलदार असतील आणि खालचीच मोजकी पानं जात असतील, तर काही करू नका. लॉरेलच्या निरोगी पानाची कडही थोडी लाटदार असते. ती आत वळलेली, जाड आणि रंग बदललेली असेल तरच सायलाचा संशय घ्या.

पान उलटं करून भिंगातून पाहिलं, तर मधल्या शिरेला बाजूच्या शिरा जिथे मिळतात तिथे बारीक खळगे दिसतात. ते पानाच्या घडणीतलेच आहेत. त्यांत अतिसूक्ष्म कोळी वस्तीला असतात आणि त्यांतले पुष्कळसे झाडाला अपाय करत नाहीत. हे खळगे बघून खवले कीड समजून पानं खरवडणारे लोक मी पाहिले आहेत. खवले कीड पानाच्या पृष्ठभागावर बसलेली असते आणि नखाने सुटून येते. खळगा पानातच असतो, तो सुटून येणार नाही. मोठ्या झाडावर पानांच्या बेचक्यात येणाऱ्या गोल, फिकट कळ्यांचीही अशीच गफलत होते.

झाडाची ओळख पटवणं तर जास्तच महत्त्वाचं, कारण ही पानं स्वयंपाकात जातात. लॉरेलचं पान चुरगाळलं की तीव्र मसालेदार वास येतो, पानात लांबीच्या दिशेने एकच ठळक मधली शीर असते आणि फांदीवर पानं एकाआड एक लागतात. तमालपत्राच्या पानात देठाजवळून निघून लांबवर जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात, ते वेगळं झाड. पण एका पेरावर तीन-तीन पानं गोलाकार लागली असतील आणि मसालेदार वास नसेल, तर ती कण्हेर असू शकते. पान दातेरी, रुंद, चकचकीत असून चुरगाळल्यावर कडू बदामासारखा वास आला, तर ते चेरी लॉरेल. ही दोन्ही विषारी आहेत. ओळखीबद्दल शंका असेल तोवर एकही पान पातेल्यात टाकू नका.

मुंग्या आणि पानांची मागची बाजू

पान वरून धुवून पुसणाऱ्यांची कीड जात नाही, कारण ती वर नसतेच. चिकट द्राव वरच्या पानामागच्या किडीतून खालच्या पानावर ठिबकतो. म्हणून चिकट पान दिसलं की त्याच्या थेट वर असलेलं पान उलटून बघा. कीड तिथे सापडते.

काळा थर हा या द्रावावर वाढणाऱ्या बुरशीचा. ती पानाच्या आत शिरत नाही, फक्त ऊन अडवते. तिच्यावर बुरशीनाशक मारणं वाया जातं. द्राव थांबला की बुरशीची उपासमार होते.

मुंग्या द्राव खायला येतात आणि त्या बदल्यात किडीची राखण करतात. खवले किडीवर लेडीबर्ड भुंगेरे आणि अगदी लहान परोपजीवी गांधीलमाश्या तुटून पडतात, पण मुंग्या त्यांना पिटाळून लावतात. मुंग्यांची वाट तोडल्यावर औषधाशिवायच कीड निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे. कुंडी भिंतीपासून, कठड्यापासून आणि शेजारच्या झाडांपासून सुटी करा. ती पायांच्या स्टँडवर ठेवून पायांना चिकट पट्टी गुंडाळा. चिकट पदार्थ थेट कोवळ्या खोडाला फासू नका, साल खराब होते.

याच वेळी झाड इतर कुंड्यांपासून वेगळं करा. खवले किडीची नुकती निघालेली पिल्लं चालत शेजारच्या पानावर जातात आणि या वयातच ती सगळ्यात जास्त पसरतात.

हाताने काढणं आणि धुणं

लहान झाडाचा मोठा फायदा हा, की त्याचं प्रत्येक पान हाताळता येतं. कोमट पाण्यात फडकं भिजवून पान तळहातावर धरा आणि आधी मागची, मग वरची बाजू पुसा. फांदीवरची खवले कीड जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने काढा. पिठ्या ढेकणांच्या पुंजक्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा. मेणाचं आवरण विरघळतं आणि कीड जागीच मरते. अल्कोहोल आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट बघा.

लाल कोळ्याचा संशय असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालायला लागले, तर कोळी आहेत. कोरडी, गरम, कोंडलेली हवा त्यांना मानवते. झाड घरात हीटरच्या किंवा एसीच्या झोतात असेल तर आधी जागा बदला. मग पानामागून पाण्याची जोरदार फवार मारा. काही दिवसांच्या अंतराने हे पुन्हा पुन्हा केलं, तर लाल कोळ्यावर बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

धुण्याचं महत्त्व फवारणीपेक्षा मी जास्त मानतो. साबण आणि तेल स्पर्शजन्य आहेत, म्हणजे किडीच्या अंगाला लागलं तरच काम करतात. वाढलेल्या खवले किडीच्या पाठीवर कवच असतं, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. ती हाताने काढली की उरलेल्या पिल्लांवर फवाऱ्याचा खरा उपयोग होतो.

पाणी

बोट दोन पेरं मातीत खुपसा. तिथे ओल असेल तर पाणी घालू नका. एवढी साधी गोष्ट, पण कीड नसताना पिवळी पडणारी, डाग पडणारी लॉरेलची पानं मी पाहतो, त्यांच्यामागे बहुतेक वेळा साचलेलं पाणी असतं. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढत नाहीत. मग ओल्या मातीतलं झाडही तहानलेलं दिसतं आणि घाबरून त्याला आणखी पाणी घातलं जातं.

कुंडी उचलून खालची भोकं बघा. काडी घालून ती मोकळी करा. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. उलट माती कुंडीच्या कडेपासून सुटली असेल आणि घातलेलं पाणी लगेच खालून निघून जात असेल, तर मातीचा गड्डा आतून कोरडा आहे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून मग पूर्ण निथळू द्या. तहानलेल्या झाडावर साबण किंवा तेल कधीच फवारू नका, पानं करपतात.

छाटणी: कीड इथूनच परत येते

लॉरेल छाटणी चांगली सोसतं, पण वाढतं सावकाश. लहान झाडावर कात्री चालवताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. शेंडा खुडला की खालच्या पानांच्या बेचक्यातले डोळे फुटतात आणि झाड डेरेदार होतं, म्हणून सुरुवातीच्या काळात शेंडे खुडणं योग्यच. बिघडतं कुठे, तर स्वयंपाकासाठी आज एक शेंडा, परवा दुसरा असं वर्षभर चालतं. झाडावर सतत कुठे ना कुठे कोवळी पालवी राहते. सायलाची मादी कोवळ्या पानांवरच अंडी घालते, आणि खवले किडीच्या पिल्लांनाही मऊ फांदी सोयीची पडते. नत्राचं खत जास्त झालं की हेच घडतं. स्वयंपाकाला पान हवं असेल तर पूर्ण वाढलेलं जून पान देठापासून खुडा, वासही त्यालाच चांगला असतो. शेंडा मात्र राहू द्या.

छाटणी ठरवून करा. वसंतातली पहिली पालवी जून होऊन गडद हिरवी झाली की मुख्य छाटणी, आणि गरज असेल तर त्याच हंगामात पुढे एकदा हलका हात. थंडीच्या तोंडावर छाटू नका, कारण नंतर येणारी पालवी गारठ्यात काळी पडते. कडक उन्हाच्या दिवसांतही नको, आतली सावलीतली पानं अचानक उघडी पडून भाजतात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवा भाग काढू नका. झाडाला आकार द्यायची घाई असेल तर ती दोन-तीन हंगामांत विभागा.

कापायचं कसं, तर बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर, किंचित तिरकं. धारदार सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री) वापरा. कुंपण कापायच्या लांब कात्रीने पानं अर्धी कापली जातात आणि प्रत्येक अर्ध्या पानाची कड तपकिरी होते. मग ते बघून कुणी तरी रोग समजतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती अल्कोहोलने पुसा. लॉरेलच्या तेलाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घातलेले बरे.

काय काढायचं याचा क्रमही सांगतो. आधी मेलेलं आणि वाळलेलं. मग सायलाने गुंडाळलेली पानं, आणि सगळा शेंडाच वळला असेल तर निरोगी पानापर्यंतचा शेंडा. इथे कात्रीला पर्याय नाही. एक गुंडाळी नखाने उलगडून पाहा: आत पांढऱ्या मेणचट तंतूंनी माखलेली चपटी पिल्लं दाटीने बसलेली असतात आणि त्यांच्याजवळ द्रावाचे थेंब असतात. बाहेरून मारलेला फवारा त्या घडीत जात नाही. त्यानंतर एकमेकांवर घासणाऱ्या, मध्ये गर्दी करणाऱ्या फांद्या काढा, म्हणजे हवा खेळते आणि फवाराही आत पोचतो. एक खोड ठेवून वर गोल डेरा करायचा असेल तर बुडातून येणारे फुटवे मुळाशीच काढा. झुडूप ठेवायचं असेल तर त्यातले दोन-तीन जोमदार राहू द्या.

विकतच्या लहान कुंडीत पुष्कळदा एकच रोप नसतं, तीन-चार रोपं दाटीने लावलेली असतात. ती पुढे वसंतात सुटी करावी लागतात. नुसत्या छाटणीने ती गर्दी संपत नाही.

कापलेला आणि गळलेला सगळा पाला पिशवीत बंद करून टाका, कंपोस्टमध्ये नको. सायलाचे प्रौढ कीटक थंडीत अशाच पाल्यापाचोळ्यात आणि आडोशाला दडून राहतात. कुंडीतल्या मातीवर पडलेली पानंही उचला.

आता फवारणी

इथवरचं सगळं करूनही जिवंत कीड दिसत असेल तरच. कीटकनाशक साबण त्याच्या लेबलवरच्या प्रमाणात घ्या, किंवा एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता, १ ते २ मिली, सौम्य द्रव साबण. कपड्यांची पावडर नको. द्रावण लगेच वापरा, ठेवलं की तेल वेगळं होतं. आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस थांबा. मग संध्याकाळी, ऊन नसताना, पानामागून सुरुवात करून थेंब निथळेपर्यंत फवारा. पारा ३० अंशांच्या वर असेल तर तो दिवस सोडा.

सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारा, आणि तेवढ्याच अंतराने तिसऱ्यांदा. ही पुनरावृत्ती चुकली की सगळी मेहनत वाया जाते. तपकिरी खवले किडीच्या पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. आज झाडावर म्हातारी, तरुण आणि मादीच्या कवचाखाली अजून बाहेर न पडलेली, सगळ्या वयाची कीड असते. पहिल्या फवाऱ्यात कवचाखाली राहिलेली पिल्लं आठवड्याभरात बाहेर पडतात. दुसरा फवारा त्यांच्यासाठी असतो.

मेलेली खवले कीड आपोआप गळत नाही. तिसऱ्या फवाऱ्यानंतर काही कवचं खरवडून बघा. कोरडी आणि पोकळ असतील तर काम झालंय. दाबल्यावर ओलसर द्राव आला तर कीड जिवंत आहे.

आंतरप्रवाही कीटकनाशक खाण्याच्या पानांच्या झाडाला घालू नका. ते मुळांतून पानांत जातं आणि धुऊन निघत नाही. साबण किंवा तेल फवारलेली पानंही लेबलवर सांगितलेली मुदत उलटल्यावर, नीट धुऊनच वापरा.

मुळं बघणं

सगळ्यात अवघड काम, म्हणून शेवटी. पाणी सुधारूनही पिवळेपणा वाढत असेल, किंवा मातीला आंबूस वास येत असेल, तरच झाड कुंडीतून बाहेर काढा. निरोगी मूळ फिकट रंगाचं आणि टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सटकते आणि आतला दोरा हातात राहतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा. निचऱ्याच्या ताज्या मिश्रणात, पाव भाग जाड वाळू किंवा परलाइट घालून, त्याच मापाच्या कुंडीत लावा. मोठी कुंडी नको, जास्तीची माती ओलीच राहते. मुळं निरोगी असून नुसती गोल गोल फिरली असतील, तर मात्र आधीच्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर जास्त रुंद कुंडी घ्या. खोड पूर्वी होतं त्यापेक्षा खोल गाडू नका. महिनाभर खत नको, आणि मुळं कापली त्या दिवशी फांद्यांची मोठी छाटणीही नको.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बुंध्याजवळची साल मऊ, काळपट झाली असेल आणि नखाने खरवडल्यावर खाली हिरव्याऐवजी तपकिरी दिसत असेल, तर कूज खोडात चढली आहे. घरच्या उपायांनी ती उतरत नाही. आजूबाजूला इतर झाडं असतील तर मुळं आणि माती यांचा नमुना वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळेत द्या. फायटोफ्थोरासारखे मुळं कुजवणारे रोग मातीतून आणि पाण्यातून पसरतात.

नियमाने तीन फवारे आणि मुंग्यांचा बंदोबस्त करूनही कीड वाढतेच आहे, किंवा शेजारच्या कुंड्यांवर गेली आहे, तर पुढचं औषध स्वतः निवडू नका. उद्यानतज्ज्ञाला किडीसकट फांदी बंद पिशवीत नेऊन दाखवा आणि आतापर्यंत काय, किती आणि कधी फवारलं ते सांगा.

हिरवं झाड अचानक मान टाकतं, पानं तपकिरी होऊन फांदीवरच लटकून राहतात, साल सोलल्यावर लाकडात काळ्या रेघा दिसतात: असं झालं तर काहीही छाटू नका, हलवू नका. अमेरिकेत २००२ साली जॉर्जियात आढळलेल्या एका भुंगेऱ्यामार्फत लॉरेल कुळातल्या झाडांचा मर रोग तिथे पसरला. युरोपात पानं कडेकडून करपत जाणं हे झायलेला फास्टिडिओसा या जिवाणूचंही लक्षण असू शकतं, आणि लॉरेल त्याच्या यजमान झाडांत मोडतं. या दोन्हींवर घरी करण्यासारखा इलाज नाही. फोटो काढा, झाड जागेवरच ठेवा आणि तिथल्या कृषी किंवा वनस्पती संरक्षण विभागाला कळवा.

आणि कुत्र्याने किंवा मांजराने या झाडाची बरीच पानं खाल्ली, उलट्या सुरू झाल्या, तर पशुवैद्याकडे जा. जाताना झाडाची एक फांदी आणि फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्या.